साध्य की असाध्य? गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील प्रथिनांनी सांगितलेले आणि न सांगितलेले भाकीत

१/
१९५१च्या जानेवारीअखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय बाई रक्तस्रावाची तक्रार घेऊन आल्या. व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतांत लहानपणापासून राबलेल्या, पाच मुलांच्या आई. शेवटचे मूल काही महिन्यांपूर्वी याच रुग्णालयात जन्मले होते आणि त्या वेळच्या कागदपत्रांत गर्भाशयाच्या मुखाशी काही वावगे असल्याची नोंद नव्हती. आता डॉ. हॉवर्ड जोन्स यांना तिथे नाण्याएवढी, जांभळट, हात लागताच रक्त वाहणारी गाठ दिसली. तुकडा काढून तपासला गेला. अहवाल आला : एपिडर्मॉइड कार्सिनोमा, टप्पा पहिला.

२/
पहिला टप्पा याचा अर्थ रोग अजून गर्भाशयमुखाच्या बाहेर पडलेला नाही. त्या काळच्या मोजमापाप्रमाणे हा आशेचा टप्पा. रेडियमच्या नळ्या बसवण्यात आल्या, पुढे क्ष-किरणांचा उपचार झाला. गाठ दिसेनाशीही झाली. आणि तरीही ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, निदानानंतर अवघ्या आठ महिन्यांत, हेन्रिएटा गेल्या. वय ३१. शवविच्छेदनात पोटभर पसरलेल्या गाठी आढळल्या.

त्याच टप्प्यावर निदान झालेल्या, तोच उपचार घेतलेल्या कितीतरी स्त्रिया पुढे अनेक वर्षे जगल्या. मग हाच रोग इतका वेगळा का वागला? आणि तो तसा वागणार हे आधी कळण्याची काही सोय होती का? पुढच्या सत्तर वर्षांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

३/
प्रश्न जुनाच आहे. आयुर्वेदात त्याला स्वतंत्र नाव आहे, साध्यासाध्यता. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा संपूर्ण विभाग मृत्यूची पूर्वचिन्हे, म्हणजे ‘अरिष्टे’, ओळखण्याला वाहिलेला आहे. ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत केवळ भाकितावर एक ग्रंथ आहे. दोन्हीकडचा व्यावहारिक हेतूही सारखाच दिसतो. असाध्य रोगाला हात घालून वैद्याने अपयश पदरी घेऊ नये. रुग्णाला काय हवे असते, हा विचार त्यामानाने बराच उशिरा आला.

४/
गर्भाशयमुखाच्या कर्करोगात भाकिताची पहिली आंतरराष्ट्रीय चौकट घडली ती एका अनपेक्षित ठिकाणी : राष्ट्रसंघात. होय, पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेला आणि दुसरे थोपवू न शकलेला तोच राष्ट्रसंघ. १९२०च्या दशकात स्टॉकहोम, पॅरिस, म्युनिक येथील रुग्णालये रेडियमचे आपापले यश जाहीर करीत होती, पण कोणाचे रुग्ण किती आजारी होते हेच ठाऊक नसल्याने त्या आकड्यांची तुलना अशक्य होती. म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२९ साली रोगाचे चार टप्पे ठरवले. रोग मुखापुरता असेल तर पहिला. आसपास सरकला, पण कटीच्या भिंतीपर्यंत पोहोचला नाही, तर दुसरा. भिंतीला भिडला की तिसरा. मूत्राशय, मलाशय किंवा दूरच्या अवयवांत गेला की चौथा.

५/
या वर्गीकरणाचे मुख्य उपकरण कोणते? डॉक्टरांची बोटे. डोळ्यांनी पाहायचे, बोटांनी चाचपायचे आणि टप्पा ठरवायचा. पुढे ही जबाबदारी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ‘फिगो’ने, घेतली, तपशील बदलत गेले, पण बोटांचे राज्य २०१८पर्यंत टिकले. त्यात मागासलेपणा पाहणे चुकीचे ठरेल. जगातील बहुसंख्य रुग्ण जिथे होते तिथे बोटांखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि जिनिव्हातला पहिला टप्पा व सोलापुरातला पहिला टप्पा एकच राहावा हा त्यामागचा विचार होता.

मात्र टप्पा एवढेच सांगतो की रोग कुठवर आला आहे. तो कोणत्या जातीचा आहे आणि किती वेगाने निघाला आहे, हे बोटांना कळत नाही. हेन्रिएटा यांच्या बाबतीत फसगत झाली ती इथे.

६/
गाठीच्या आत काय शिजते आहे हे बाहेर झिरपणाऱ्या एखाद्या पदार्थावरून ओळखता येईल, ही कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातली. १८४५ साली लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या रसायनवेत्त्या डॉक्टराकडे एका रुग्णाची लघवी तपासणीला आली. तिच्यात एक विचित्र प्रथिन होते. तापवले की साकळायचे, आणखी उकळले की विरघळायचे, गार झाले की पुन्हा साकळायचे. हाडांच्या मगजातील कर्करोगाची ती खूण होती. कर्करोगाचे पहिले प्रथिन-निदर्शक म्हणून आज त्याचाच मान आहे.

नंतर शतकभर या वाटेवर फारशी वर्दळ नव्हती. १९६३ साली मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांना यकृताच्या कर्करोगाशी निगडित अल्फा-फीटोप्रोटीन सापडले, १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांना आतड्याच्या कर्करोगातील ‘सीईए’ सापडले, आणि प्रत्येक कर्करोगाचे आपले एक प्रथिन असणारच अशी आशा सर्वत्र पसरली.

७/
गर्भाशयमुखाच्या वाट्याचे प्रथिन जपानमध्ये मिळाले. १९७७ साली काटो आणि तोरिगोए या संशोधकांनी अशा गाठींच्या ऊतींतून एक प्रतिजन वेगळे करून ते रक्तात मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याला त्यांनी ‘टीए-४’ म्हटले. त्याच्याच शुद्ध केलेल्या अंशाला पुढे ‘एससीसी अँटिजेन’ हे नाव मिळाले आणि आजही प्रयोगशाळांच्या दरपत्रकांवर ते याच नावाने दिसते. रक्तातील पातळी साधारणतः मिलिलिटरमागे १.५ नॅनोग्रामच्या वर गेली की डॉक्टर सावध होतात.

उपचारापूर्वी पातळी जितकी चढी तितका रोग पसरलेला असण्याची शक्यता अधिक, उपचारानंतर ती उतरली तर शुभचिन्ह, उतरून पुन्हा चढली तर रोग परतण्याची भीती. १९८३ साली याच गटाने भाकितासाठी त्याचा किती उपयोग होतो यावर स्वतंत्र लेख लिहिला. रोग परतल्याची लक्षणे रुग्णाला जाणवण्याच्या काही महिने आधीच रक्त ते सांगते, असे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले.

८/
पण हे प्रथिन कर्करोगाचे स्वतःचे नव्हतेच. १९९१ साली त्याचा जनुक हाती आला तेव्हा कळले की ते ‘सर्पिन’ नावाच्या जुन्या घराण्यातले, निरोगी त्वचेच्या आणि अंतस्त्वचेच्या पेशींतही असणारे साधे प्रथिन आहे. सोरायसिस, इसब, मूत्रपिंडाचा विकार, यांतही ते रक्तात वाढते. म्हणजे पाटी कर्करोगाची, पण धंदा सर्वांशी. लक्षणे नसलेल्या स्त्रियांत रोग हुडकायला ते म्हणूनच निरुपयोगी ठरले.

दुसरी अडचण अधिक बोचरी होती. रोग परतणार हे काही महिने आधी कळले, तरी त्या कळण्यामुळे रुग्ण अधिक जगतात असे सिद्ध झाले नाही. भाकीत मिळाले, पण हाती दुसरा प्रभावी उपचार नसेल तर स्त्रीच्या आयुष्यात वाढले ते काय? काही महिन्यांचे आधीचे भय. निदर्शकांच्या इतिहासात या प्रश्नाला नेहमी बगल दिली गेली आहे.

९/
आणि हेन्रिएटा यांच्या रक्तात १९५१ साली ही चाचणी करता आली असती तर? बहुधा ती गप्पच राहिली असती. कारण एससीसी अँटिजेन हे सपाट, खवल्यांसारख्या पेशींतून उगवणाऱ्या कर्करोगाचे निदर्शक. हेन्रिएटा यांची गाठ तशी नव्हतीच. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जुने नमुने पुन्हा तपासले आणि १९७१ साली जाहीर केले की ती ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून निघालेली गाठ होती. उपचार तेव्हा तोच झाला असता, हे खरे. पण रोगाचे नावच वीस वर्षे चुकीचे लागले होते.

१०/
गाठीचे नमुने १९७१ साली इतक्या आस्थेने पुन्हा पाहण्याचे कारण आता सर्वश्रुत आहे. १९५१च्या फेब्रुवारीत रेडियम बसवताना या गाठीचा एक तुकडा, हेन्रिएटा यांना न विचारता, रुग्णालयातील जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला होता. तिथल्या पेशी मेल्या नाहीत. दर चोवीस तासांच्या आसपास दुप्पट होत राहिल्या. ‘हेला’ हे नाव धारण करून त्या जगभर पसरल्या. पोलिओच्या लशीच्या चाचणीत त्या होत्या, अवकाशातही गेल्या. ही कहाणी अनेकदा सांगितली गेली आहे. कमी सांगितले जाते ते हे की ज्या रोगाने हेन्रिएटा गेल्या, त्या रोगाचे कोडेही मोठ्या प्रमाणावर याच पेशींत सुटले.

११/
कोड्याचा पहिला धागा इटलीतला. १८४२ साली डोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी चाळल्या आणि निरीक्षण मांडले : गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू विवाहित स्त्रियांत पुष्कळ, मठातील जोगिणींत क्वचित. दफ्तरांतील धुळीतून साथरोगशास्त्र कसे उभे राहते, याचा हा सुंदर नमुना. शरीरसंबंधातून येणारे काहीतरी यामागे आहे, एवढे त्यातून उमगत होते. ते काहीतरी काय, हे कळायला आणखी १४१ वर्षे गेली.

१९७०च्या दशकात संशयित होता नागिणीच्या कुळातला हर्पीज विषाणू. जर्मन विषाणुतज्ज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मात्र गाठींत हर्पीजचा माग सापडेना. त्यांचा संशय चामखिळीच्या विषाणूवर, पॅपिलोमावर, होता. १९८३ साली त्यांच्या गटाने एचपीव्ही १६ आणि १९८४ साली एचपीव्ही १८ हे प्रकार वेगळे केले. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोघे आहेत. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळाले.

१२/
एचपीव्ही १८ सापडताच तो हेला पेशींतही आढळला. तीन दशके जगभरच्या काचेच्या बाटल्यांत वाढणाऱ्या त्या पेशींच्या गुणसूत्रांतच तो ठाण मांडून बसला होता. १९८५ साली असे दिसले की अशा पेशींत विषाणूचे बहुतेक जनुक गळून गेले किंवा मुके झाले तरी दोन जनुक बोलतच राहतात : ई६ आणि ई७. ही दोन प्रथिने करतात काय?

१३/
इथे आणखी एका प्रथिनाची गोष्ट मध्ये येते. १९७९ साली लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये आर्नल्ड लेव्हिन यांच्या गटांना, माकडांच्या एका विषाणूवर काम करताना, पेशीतले एक प्रथिन त्या विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले दिसले. वजनावरून नाव पडले पी५३. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर दिसे, म्हणून पहिली दहा वर्षे त्याला कर्करोग घडवणारे प्रथिन समजले गेले. खरे तर प्रयोगशाळांनी हाताळलेले नमुनेच बिघडलेले होते. १९८९ साली लेव्हिन यांचा गट आणि जॉन्स हॉपकिन्समधील बर्ट फोगेलस्टाइन यांचा गट, दोघांच्या कामातून चित्र उलटले. पी५३ हा पहारेकरी निघाला. पेशीतील डीएनए बिघडला की विभाजन थांबवणारा, वेळ पडल्यास पेशीला मरायला लावणारा. दहा वर्षे ज्याच्यावर चोरीचा आळ, तोच वाड्याचा राखणदार!

१४/
पुढचे दोन घाव पाठोपाठ पडले. १९८९ साली निकोलस डायसन, पीटर हाउली, कार्ल म्युंगर आणि एड हार्लो यांनी दाखवले की ई७ हे प्रथिन ‘आरबी’ या दुसऱ्या रक्षक प्रथिनाला पकडते. १९९० साली मार्टिन शेफ्नर, हाउली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ई६ हे पी५३ला गाठून पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावते.

१९९१ साली याच मंडळींनी गर्भाशयमुखाच्या अनेक पेशीवंशांत पी५३ आणि आरबीचे जनुक तपासले. ज्यांत विषाणू नव्हता त्यांत पी५३चा जनुक मोडलेला. ज्यांत विषाणू होता, हेलासह, त्यांत तो धडधाकट. याचा अर्थ फार मोठा होता. हेन्रिएटा यांच्या गाठीत पहारेकरी जन्मतः अधू नव्हता. तो रोज कामावर येत होता आणि रोज मारला जात होता.

१५/
इतके कळल्यावर भाकिताचे काम सोपे व्हायला हवे होते. गाठीच्या कापावर रंगद्रव्य टाका, पी५३ किती आहे पाहा, रुग्णाचे पुढचे सांगा. १९९०च्या दशकात असे अभ्यास शेकड्यांनी झाले. पी५३, पेशीवाढीचे संदेश घेणारे ग्राहक, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी प्रथिने, जवळजवळ दरवर्षी नवा उमेदवार. निष्कर्ष परस्परविरोधी. एका ठिकाणी पी५३ दिसणे अशुभ, दुसऱ्या ठिकाणी त्याला अर्थच नाही. एकीकडे तीस रुग्ण, दुसरीकडे साठ. रंग ‘गडद’ कधी म्हणायचा, याचा प्रत्येकाचा निकष निराळा.

१६/
या धांदलीचा हिशेब ग्रीसमधील पानायोटिस कीझास, जॉन इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी मांडला. कर्करोगाच्या भाकीत-निदर्शकांवर २००५ साली प्रसिद्ध झालेले १५७५ लेख त्यांनी तपासले. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक लेखांत काही ना काही ‘लक्षणीय’ निष्कर्ष होता! निसर्ग इतका उदार नसतो. न जुळलेले आकडे टेबलाच्या खणात राहत होते आणि जुळलेले छापले जात होते, हाच त्याचा सरळ अर्थ. त्याच २००५ साली निदर्शकांचे अभ्यास कसे लिहावेत याची ‘रिमार्क’ नावाची नियमावली अनेक नियतकालिकांनी एकाच वेळी प्रसिद्ध केली. नमुने कुठून आले, किती वगळले, निकष आधी ठरवला की नंतर, हे सांगणे त्यात अपेक्षित आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. साधनचिकित्सेवाचून बखरीवर विश्वास ठेवू नये, हाच तो नियम.

१७/
या गर्दीतून एक प्रथिन खरोखर टिकले, आणि तेही उलट्या बाजूने. पी१६. १९९३ साली मॅन्युएल सेरानो, ग्रेगरी हॅनन आणि डेव्हिड बीच यांनी ते शोधले. पेशीविभाजनाचा हा ब्रेक. अनेक कर्करोगांत तो जनुकासकट नाहीसा झालेला आढळतो, आणि ते समजण्यासारखे आहे. पण गर्भाशयमुखाच्या गाठींत तो ओसंडून वाहत होता. ब्रेक इतका दाबलेला असताना गाडी सुसाट कशी?

उत्तर ई७मध्ये होते. पी१६चा दाब शेवटी आरबीमार्फत लागू होतो आणि पुरेसा दाब बसला की आरबीच पी१६ला आवर घालतो. ई७ने आरबीलाच निकामी केले. त्यामुळे पी१६ वाढतच जाते, पण त्याचा उपयोग शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. परंतु बंबांची ही निष्फळ गर्दी पॅथॉलॉजिस्टला उपयोगी पडली. २००१ साली हायडेलबर्गमधील माग्नुस फॉन क्नेबेल डोबेरित्स यांच्या गटाने दाखवले की पी१६चा रंग चढलेली पेशी म्हणजे विषाणूने ताबा घेतलेली पेशी. कर्करोगपूर्व बदल कोणता आणि साधी सूज कोणती, हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडण्याची गरज कमी झाली.

१८/
भाकिताच्या दृष्टीने मजा अशी की विषाणूची ही खूण असलेल्या गाठींचे भवितव्य साधारणतः बरे असते. ज्या थोड्या गाठींत एचपीव्ही नसतो, त्या अधिक वाईट वागतात. त्यांत पी५३ बहुधा स्वतःच मोडलेला असतो, आणि मोडलेला पहारेकरी पुन्हा उभा करणे कठीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात म्हणूनच गर्भाशयमुखाच्या गाठींचे दोन भाग केले आहेत : एचपीव्हीशी निगडित आणि एचपीव्हीवाचून झालेल्या. जिथे विषाणूची थेट चाचणी शक्य नसेल तिथे पी१६ला साक्षीदार मानले जाते.

१९/
पहारेकरी अधू नसून जखडलेला आहे, याचा सर्वांत विलक्षण पुरावा २००० साली अमेरिकेतील येल विद्यापीठातून आला. एडवर्ड गुडविन आणि डॅनियल डिमायो यांनी गाईंच्या पॅपिलोमा विषाणूतील ई२ हे प्रथिन हेला पेशींत घातले. या प्रथिनाने ई६ आणि ई७ यांचे जनुक बंद पडले. पाहता पाहता पी५३ जागे झाले, आरबी कामाला लागले, आणि एकोणपन्नास वर्षे अखंड दुप्पट होत आलेल्या पेशी थांबल्या. म्हाताऱ्या झाल्या.

हेन्रिएटा यांच्या मृत्यूला तेव्हा अर्धे शतक होत आले होते. त्यांची मुले बाल्टिमोरमध्ये होती. आईच्या पेशींवर काय चालले आहे याची गंधवार्ता त्या कुटुंबाला १९७०च्या दशकापर्यंत नव्हती. तेव्हा संशोधकांनीच त्यांच्या रक्ताचे नमुने मागितले, आणि तेही नीट समजावून न सांगता. २०१३ साली तर या पेशींचा जनुकीय आराखडा कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला. भाकिताचा प्रश्न आता एका स्त्रीपुरता राहिला नव्हता, तिच्या नातवंडांच्या आनुवंशिक खुणाही त्यात होत्या. आराखडा मागे घेण्यात आला, आणि ऑगस्ट २०१३मध्ये कुटुंबाच्या दोन प्रतिनिधींना स्थान देणारी समिती नेमली गेली. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की एचपीव्ही १८ हा आठव्या गुणसूत्रावर ‘मिक’ या पेशीवाढ चेतवणाऱ्या जनुकाच्या शेजारी शिरला होता आणि त्याने तो जनुक पेटवला होता. नाण्याएवढी गाठ आठ महिन्यांत पोटभर का झाली, याचे आजवरचे सर्वांत पटणारे उत्तर कदाचित हेच. बोटांना ते कळणे शक्य नव्हते.

२०/
अलीकडची आणखी एक भर. जून २०१८मध्ये अमेरिकेने पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पुढच्या अवस्थेतील गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मान्य केले, पण अट घातली की गाठीत ‘पीडी-एल१’ हे प्रथिन आढळले पाहिजे. एससीसी अँटिजेन सांगते की पुढे काय होईल. पीडी-एल१ सांगते की काय केले तर उपयोग होण्याची शक्यता आहे. पहिले भविष्यकथन, दुसरा सल्ला. वैद्यकात या दोहोंची नेहमी गल्लत होते.

त्याच २०१८ साली फिगोने टप्प्यांची पद्धत बदलली. बोटांच्या जोडीला स्कॅन आणि सूक्ष्मदर्शकाचे अहवाल ग्राह्य धरले. चाळीस वर्षांच्या शोधानंतरही एकाही प्रथिनाला मात्र त्या टप्प्यांत जागा मिळाली नाही.

२१/
याचे कारण समजून घ्यायचे तर प्रयोगशाळेतून बाहेर पडून जिथे हा रोग सर्वाधिक बळी घेतो तिथे यावे लागते. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजार मृत्यू झाले. यांतील बऱ्याच स्त्रिया पहिल्यांदा डॉक्टरांकडे येतात तेव्हा रोग कटीच्या भिंतीपर्यंत गेलेला असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केवळ तिसऱ्या टप्प्याच्या ‘ब’ गटातील ८५० स्त्रियांवर एक चाचणी केली. तिचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला : किरणोपचाराला सिस्प्लॅटिनची जोड दिली तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्के होते. शंभरांत आठ जीव वाचले, हे थोडे नव्हे. पण त्याच टप्प्यातल्या इतक्या स्त्रिया एका रुग्णालयाला मिळाल्या, हाही एक आकडाच आहे.

२२/
सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने या बाबतीत वेगळी वाट धरली. १९८७ साली तिथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते जात, नोंदी घेत, आणि जाता जाता अंगावरून जाणे, पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, अशा तक्रारी लपवू नका, दवाखान्यात या, असे बायाबापड्यांना सांगत. औषध नाही, चाचणी नाही, नुसते बोलणे. १९९५ साली डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी लिहिले की या भागातील स्त्रिया आता आधीच्या टप्प्यावर निदानासाठी येऊ लागल्या आहेत. ज्या वर्षांत जगभर प्रथिनांचे रंग मोजले जात होते, त्याच वर्षांत गावच्या पारावर आणि ओसरीवर रोगाचे भवितव्य थोडे सरकले होते.

२३/
याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९पासून एक फार मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांची ती संयुक्त मोहीम. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. एका गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी. दुसऱ्याची पेशीतपासणी, म्हणजे जॉर्ज पापानिकोलाउ यांनी रूढ केलेली पॅप चाचणी. तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे व्यवहारात तपासणी नाही. या चौथ्या गटावरून पुढे तीव्र वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ज्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही त्यांच्या मृत्यूंशी तुलना करूनच निष्कर्ष सिद्ध व्हायचा होता. संशोधकांचे म्हणणे असे की भारतात तेव्हा अशी तपासणी कुठेच नियमित होत नव्हती. वस्तुस्थिती म्हणून ते खरे होते. त्याने प्रश्न मिटतो का, हा मुद्दा उरतोच.

२४/
निष्कर्ष एप्रिल २००९मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू, एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ३४. इतर दोन गटांत मृत्यूंमध्ये निर्णायक घट दिसली नाही.

इथे शोधले गेले ते प्रथिन नव्हते, ई६ आणि ई७ रचणाऱ्या त्या विषाणूचा डीएनए होता, तोही गाठ होण्याच्या कितीतरी आधी. त्या कोष्टकात खाली आणखी एक ओळ आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्यांच्या चाचणीत काहीच आढळले नाही अशा स्त्रियांपैकी पुढे किती जणींना कर्करोग झाला, याची ती ओळ. पेशीतपासणीत किंवा डोळ्यांच्या तपासणीत ‘निर्दोष’ ठरलेल्यांमध्ये हे प्रमाण एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक निघाले. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीचा ‘नाही’ हा शब्द धाराशिवच्या खेड्यांत आठ वर्षे पुरला होता.